२४ व्होल्टच्या पॅनेलमधून ५ व्होल्ट: एलएम२५९६ वापरून बक कन्व्हर्टर बांधताना

ऐरोली-रबाळेपासून महापे-तुर्भेपर्यंतच्या नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही कारखान्याचं कंट्रोल पॅनेल उघडा, डीन रेलवर २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) हमखास दिसेल. पीएलसी (मशीनचा कंट्रोलर), रिले, सेन्सर, सोलेनॉइड सगळं त्याच्यावरच चालतं. आता त्याच पॅनेलमध्ये मशीनचे आकडे मोबाइलवर पाठवायला ईएसपी३२ (वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर) बोर्ड, आरएस-४८५ (वायरवरून डेटा नेणारा सिरियल इंटरफेस) आणि एक छोटा डिस्प्ले बसवायचा म्हटलं की ५ व्होल्ट लागतात आणि ते या २४ मधूनच काढावे लागतात.

७८०५ हा साधा लिनिअर रेग्युलेटर इथे चालत नाही. अर्धा अँपिअर घेतला तरी त्याच्यावर १९ व्होल्ट पडतात, म्हणजे साडेनऊ वॅट नुसती उष्णता. बंद पॅनेलमध्ये एवढी उष्णता सोडण्यात अर्थ नाही. म्हणून स्विचिंग रेग्युलेटर, म्हणजेच बक कन्व्हर्टर. आतला ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, कॉइल त्या तुकड्यांचा सलग करंट बनवते आणि चालू-बंदच्या प्रमाणावरून आउटपुट ठरतं.

खाली ५ व्होल्ट, २ अँपिअरचं एक पूर्ण डिझाइन आहे. चिप एलएम२५९६, ५ व्होल्टची फिक्स आवृत्ती. चिप जुनी आहे आणि कार्यक्षमतेत आजच्या सिंक्रोनस (डायोडऐवजी दुसरा ट्रान्झिस्टर असलेल्या) चिपांपेक्षा मागे आहे. तरी ती घेण्याची कारणं आहेत: ४० व्होल्टपर्यंतचा इनपुट चालतो, पाच जाड पाय हाताने सोल्डर होतात, कॉम्पेन्सेशन (आउटपुट डोलू न देणारी जोडणी) आतच आहे आणि बिघडलं तर कुठल्याही टेक्निशियनला मीटर लावून शोधता येतं. एका मशीनसाठी दोन-चार बोर्ड बनवायचे असतील तर हे गुण थोड्या जास्त कार्यक्षमतेपेक्षा मोलाचे. हजारो नग काढायचे असतील तर मात्र दुसरी चिप शोधा.

२४ व्होल्ट म्हणजे नेमके किती?

डिझाइनची सुरुवात इथून करायची आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात. एसएमपीएसवर छोटा ट्रिमर असतो. लांब वायरमधला ड्रॉप भरून काढायला कुणीतरी तो फिरवून ठेवलेला असतो, त्यामुळे २७-२८ व्होल्ट मिळणं नवलाचं नाही. दुसऱ्या टोकाला मोठा सोलेनॉइड किंवा मोटर चालू होताना व्होल्टेज क्षणभर १८-२० पर्यंत बसतं. म्हणून १८ ते २८ हा पट्टा धरा.

खरा धोका त्याच्याही वरचा आहे. २४ व्होल्ट डीसीच्या कॉन्टॅक्टर कॉइलवर किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्हवर फ्रीव्हीलिंग डायोड (कॉइल बंद होताना तिच्या करंटला वाट देणारा) नसेल, तर ती बंद होताना त्याच लाइनवर टोकदार स्पाइक सोडते. एलएम२५९६ ची कमाल मर्यादा ४५ व्होल्ट आहे आणि ती ओलांडली की चिप आतून शॉर्ट होऊ शकते. तसं झालं तर सगळे २४ व्होल्ट सरळ तुमच्या ईएसपी३२ वर येतात. म्हणून आधी रोग मुळात बरा करा: प्रत्येक डीसी कॉइलला उलटा १एन४००७ लावा, पट्टीची बाजू प्लसला. मग बोर्डाच्या तोंडाशी संरक्षण द्या.

या संरक्षणाचा क्रम असा: टर्मिनलनंतर १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, मग सिरीजमध्ये एसएस३६ शॉट्की (कमी ड्रॉपचा, वेगवान) डायोड, मग प्लस आणि ग्राउंडमध्ये एसएमबीजे२६ए हा टीव्हीएस (स्पाइक रोखणारा डायोड). सिरीज डायोड उलट्या वायरिंगसाठी आहे. पॅनेलचं काम रात्री संपवायच्या घाईत प्लस-मायनस उलटं लागणं इतकं नेहमीचं आहे, की त्या डायोडमध्ये पाव वॅट गेला तरी हरकत नाही.

टीव्हीएस निवडताना गफलत होते ती अशी. ‘२४ ची लाइन आहे, थोडा मोकळा ठेवू’ म्हणून एसएमबीजे३३ए लावला जातो. पण त्याचं क्लॅम्पिंग व्होल्टेज (स्पाइक जिथे रोखला जातो ते) ५३.३ आहे, म्हणजे तो पूर्ण जोर लावेपर्यंत चिप गेलेली असेल. एसएमबीजे२६ए चं क्लॅम्पिंग ४२.१ व्होल्ट आहे, ४५ च्या आत. त्याचं ब्रेकडाउन २८.९ पासून सुरू होतं, म्हणून एसएमपीएस २८ च्या वर जाऊ देऊ नका. शक्यतो २४ वरच आणून ठेवा.

इथेच एक इशारा. नखाएवढं मिनी-३६० नावाचं स्वस्त मॉड्यूल मिळतं. त्यावर एमपी२३०७ जातीची चिप असते आणि तिची इनपुट मर्यादा २३ व्होल्ट आहे. टेबलावर १२ व्होल्टला झकास चालतं, पॅनेलमध्ये लावलं की धूर. एमपी१५८४ ची मर्यादा २८ आहे, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या अगदी काठावर. ही दोन्ही २४ च्या पॅनेलसाठी नाहीत.

कॉइलचा हिशेब

एलएम२५९६ ची फ्रीक्वेन्सी १५० किलोहर्ट्झ, म्हणजे एक चक्र ६.६७ मायक्रोसेकंदांचं. २ अँपिअरला आतल्या स्विचवर साधारण १ व्होल्ट पडतो, स्विच बंद असताना करंट फिरवणाऱ्या शॉट्की डायोडवर अर्धा. ड्यूटी सायकल (चक्रात स्विच चालू असण्याचा वाटा) काढताना हे दोन्ही धरायचे:

ड्यूटी = (५ + ०.५) ÷ (२४ − १ + ०.५) = ५.५ ÷ २३.५ = ०.२३४

स्विच चालू राहतो तो वेळ ६.६७ × ०.२३४ = १.५६ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात कॉइलवर २४ − १ − ५ = १८ व्होल्ट असतात. कॉइलमधल्या करंटची चढ-उतार म्हणजे रिपल करंट, तो लोडच्या साधारण ३० टक्के ठेवायचा. इथे तो ०.६ अँपिअर.

इंडक्टन्स = १८ × १.५६ ÷ ०.६ = ४७ मायक्रोहेन्री

बाजारात मिळणारी किंमत बरोबर आली. २८ व्होल्टला पुन्हा तपासा: ड्यूटी ०.२, चालू वेळ १.३३ मायक्रोसेकंद, कॉइलवर २२ व्होल्ट, रिपल ०.६२. म्हणजे इनपुट वाढला तरी फारसा फरक नाही. ३३ मायक्रोहेन्री लावली तर रिपल ०.८५ होतो, चालेल, पण आउटपुट कॅपॅसिटरवर ताण येईल. १०० लावली तर रिपल कमी होतो, पण त्याच आकारात तारेचा रेझिस्टन्स वाढतो आणि कॉइल तापते.

कॉइलचा शिखर करंट २ + ०.३ = २.३ अँपिअर. म्हणून २.५ अँपिअरची कॉइल घेऊन मोकळं होऊ नका. कॉइलवर दोन वेगळे आकडे असतात: एक तापमानाचा आणि एक सॅच्युरेशनचा. सॅच्युरेशन गाठलं की कोअर हात टेकतो, इंडक्टन्स कोसळतं आणि करंट तिरकस चढण्याऐवजी सुळकन वर जातो. चालू करताना आउटपुट कॅपॅसिटर रिकामे असतात. या चिपमध्ये सॉफ्ट-स्टार्ट नाही, त्यामुळे पहिले काही चक्र ती करंट लिमिटवरच चालते. ते लिमिट नगानुसार ३.६ ते ६.९ अँपिअरमध्ये कुठेही असू शकतं. तेव्हा सॅच्युरेशन किमान ४ अँपिअर, रेझिस्टन्स ६०-७० मिलिओहमपर्यंत आणि बंद बाजूंची शील्डेड कॉइल घ्या.

जुन्या कॉम्प्युटर एसएमपीएसमधली पिवळी-पांढरी रिंग कॉइल फुकट मिळते म्हणून लावायचा मोह आवरा. ते २६ नंबरचं आयर्न पावडर मटेरियल आहे आणि १५० किलोहर्ट्झला त्यात कोअर लॉस बराच होतो. लोड नसतानाही कॉइल गरम लागली तर कारण हेच समजा. उघड्या ड्रम कॉइलचं दुखणं वेगळं: तिचं चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं आणि जवळून गेलेल्या फीडबॅक ट्रॅकमध्ये (आउटपुट किती आहे ते चिपला कळवणाऱ्या) शिरतं.

डायोड

स्विच बंद असतो त्या काळात करंट डायोडमधून फिरतो. २४ व्होल्टला चक्राचा ७७ टक्के वेळ डायोडच चालू असतो, म्हणजे सरासरी दीड अँपिअरहून थोडं जास्त आणि पाऊण वॅट उष्णता. अशा वेळी ३ अँपिअर, ६० व्होल्टचा शॉट्की (एसएस३६ किंवा पायवाला एसबी३६०) योग्य. १एन५८२२ आणि एसएस३४ हे ४० व्होल्टचे आहेत. कागदावर बसतात, पण स्विच नोडवरच्या (चिप, डायोड आणि कॉइल मिळतात त्या जागच्या) रिंगिंगला, म्हणजे क्षणिक झोक्यांना जागा उरत नाही.

१एन४००७ किंवा १एन५४०८ इथे चालणार नाही, करंट रेटिंग कितीही असो. त्यांना बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात आणि आपला स्विच चालू असतो तोच दीड मायक्रोसेकंद. म्हणजे प्रत्येक चक्रात स्विच आणि डायोड मिळून इनपुट शॉर्ट करतात. लक्षण ठरलेलं: आउटपुट मीटरवर जवळपास बरोबर दिसतं आणि चिप अर्ध्या मिनिटात हात लावू देत नाही.

कॅपॅसिटर

इनपुट कॅपॅसिटरवर सगळ्यात जास्त मार बसतो, कारण चिप इनपुटमधून सलग नाही तर दोन-दोन अँपिअरचे घास घेते. त्यातला आरएमएस (कॅपॅसिटर तापवणारा) करंट लोड × √(ड्यूटी × (१ − ड्यूटी)), म्हणजे ०.८५ अँपिअर येतो. साध्या ४७० मायक्रोफॅरड कॅपॅसिटरला एवढा झेपेलच असं नाही. ४७० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, लो-ईएसआर (आतला सिरीज रेझिस्टन्स कमी असलेला) आणि १०५ अंशांचा इलेक्ट्रोलिटिक घ्या आणि डेटाशीटमध्ये त्याचं रिपल करंट रेटिंग १ अँपिअरच्या वर आहे याची खात्री करा. सोबत १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा सिरॅमिक, चिपच्या पायाला चिकटून.

‘नुसते सिरॅमिकच लावू, छोटे असतात’ असं केलं तर काय होतं? चालू लाइनवर टर्मिनल लावलं की वायरचा इंडक्टन्स आणि सिरॅमिक मिळून झोका घेतात आणि व्होल्टेज क्षणभर २४ च्या जवळपास दुप्पट होतं. ४८ व्होल्ट, मर्यादा ४५. इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर हा झोका शमवतो, म्हणून तो काढायचा नाही.

आउटपुटला उलट गंमत आहे. या चिपचं कॉम्पेन्सेशन आउटपुट कॅपॅसिटरला थोडा ईएसआर आहे असं धरून केलेलं आहे. नुसते सिरॅमिक लावले तर फीडबॅकचा लूप अस्थिर होतो, कॉइल किणकिण वाजते आणि आउटपुट डोलतं. ३३० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचा लो-ईएसआर इलेक्ट्रोलिटिक घ्या, ईएसआर ६० ते ८० मिलिओहम. रिपल मग ०.६ × ०.०७, म्हणजे ४० मिलिव्होल्टच्या आसपास. ईएसपी३२ बोर्डवर पुढे ३.३ चा रेग्युलेटर असतोच, त्याला एवढं चालतं. अॅनालॉग सेन्सरसाठी याहून स्वच्छ सप्लाय हवा असेल तर पुढे ३-४ मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल आणि १०० मायक्रोफॅरड जोडा. पण फीडबॅक पहिल्या कॅपॅसिटरवरूनच घ्या. दुसऱ्या फिल्टरनंतर घेतला की लूपची वाट लागते.

आउटपुटवर एसएमबीजे५.०ए लावा. त्याचं रोजचं काम काहीच नाही. चिप शॉर्ट होऊन २४ पुढे आले तर तो व्होल्टेज ९-१० च्या आसपास रोखून धरतो, स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि फ्यूज उडवतो. एवढ्या स्वस्त भागाने पुढचा सगळा बोर्ड वाचतो.

जोडणी

छापील बाजू समोर धरली की पाय डावीकडून: १ इनपुट, २ आउटपुट म्हणजे स्विच नोड, ३ ग्राउंड, ४ फीडबॅक, ५ ऑन-ऑफ. धातूची पाठ ग्राउंडलाच जोडलेली आहे, त्यामुळे हीटसिंकला इन्सुलेशनचा मायका लागत नाही. पाचवा पाय ग्राउंडला जोडला की चिप चालू राहते; १.३ व्होल्टच्या आसपासचा उंबरठा ओलांडला की बंद. चौथा पाय ५ व्होल्ट आवृत्तीत थेट आउटपुट कॅपॅसिटरच्या प्लसला.

दुसरं व्होल्टेज हवं असेल, समजा जीएसएम मोडेमसाठी ४ व्होल्ट, तर एडीजे (व्होल्टेज ठरवता येणारी) आवृत्ती घ्या. आउटपुट = १.२३ × (१ + वरचा ÷ खालचा). फीडबॅक पायापासून ग्राउंडला जाणारा खालचा रेझिस्टर १ किलोओहम, आउटपुटपासून येणारा वरचा २.२ किलोओहम ठेवला की ३.९४ व्होल्ट मिळतात, ३.४ ते ४.४ मागणाऱ्या मोडेमला ते मस्त. दोन्ही रेझिस्टर एक टक्क्याचे घ्या आणि किमती याच पातळीवर ठेवा. करंट वाचवायला १०० किलोओहम वापरले तर खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात बोर्डावर राहिलेल्या फ्लक्समधून होणारी गळतीसुद्धा आउटपुट सरकवू शकते. शिवाय असा फीडबॅक जवळपासचा नॉइज पकडतो तो वेगळाच.

एलएम२५९६ च्या निळ्या तयार मॉड्यूलवर वरच्या रेझिस्टरच्या जागी पितळी स्क्रूचा ट्रिमपॉट असतो. व्हायब्रेशनमध्ये त्याचा सरकता संपर्क सुटला तर चिपला वाटतं आउटपुट शून्य आहे, ती स्विच सतत चालू ठेवते आणि २० व्होल्टच्या वर पुढे ढकलते. प्रेस किंवा कॉम्प्रेसरशेजारच्या पॅनेलमध्ये ट्रिमपॉट नकोच. मॉड्यूलच वापरायचं असेल तर तो काढून मोजलेला फिक्स रेझिस्टर सोल्डर करा.

लेआउट: अर्धं डिझाइन इथेच

सर्किट बरोबर, भाग अस्सल, तरी बोर्ड त्रास देतो तेव्हा दोष बहुधा तांब्यात असतो. बकमध्ये एकच लूप असा आहे ज्यात करंट नॅनोसेकंदांत शून्यावरून दोन अँपिअर होतो: इनपुट कॅपॅसिटरचा प्लस, चिपचा पहिला पाय, दुसरा पाय, डायोड, ग्राउंड आणि परत कॅपॅसिटरचा मायनस. कागदावर हा लूप पेन्सिलने गिरवा. त्याने घेरलेली जागा जितकी कमी तितका त्रास कमी. कॉइल आणि आउटपुट कॅपॅसिटर या लूपमध्ये येत नाहीत, कारण त्यांच्यातला करंट सावकाश बदलतो. म्हणून जागेची भांडाभांड झाली तर कॉइल लांब सरकवा, डायोड नाही.

ठेवायचं असं: चिपच्या पहिल्या-तिसऱ्या पायाला लागून सिरॅमिक, त्याच्या मागे इलेक्ट्रोलिटिक. डायोडची पट्टीची बाजू दुसऱ्या पायापासून ५-७ मिलिमीटरच्या आत, दुसरी बाजू थेट त्याच कॅपॅसिटरच्या ग्राउंडला. स्विच नोडचं तांबं करंट वाहण्यापुरतंच. तिथे मोठा पोर (तांब्याचा पसारा) टाकला तर तो अँटेना होतो आणि आरएस-४८५ वर चुकीचे बाइट यायला लागतात. ग्राउंडचं तांबं मात्र भरपूर द्या, चिपची पाठही त्यावरच थंड होते.

फीडबॅकचा ट्रॅक आउटपुट कॅपॅसिटरच्या पायापासून स्वतंत्र निघावा आणि कॉइलच्या खालून जाऊ नये. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर तो खालच्या बाजूने, ग्राउंडच्या आडोशाने न्या. झीरो पीसीबीवर (नुसत्या छिद्रांच्या बोर्डवर), उड्या मारणाऱ्या वायरींनी हे सर्किट २ अँपिअरला चालवायला जाऊ नका. अर्ध्या अँपिअरपर्यंत कसंबसं चालतं, पुढे अंगावर येतं.

पहिल्यांदा सप्लाय देताना

करंट लिमिटचा बेंच सप्लाय असेल तर ०.२ अँपिअरवर लावून, लोड न जोडता १२ व्होल्टपासून सुरू करा. नसेल तर सिरीजमध्ये ट्रकचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब चालतो: आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, चिप वाचते. पण बल्ब ठेवून लोड जोडू नका. बकचा इनपुट उफराटा वागतो: व्होल्टेज कमी मिळालं की तो तेवढीच पॉवर मिळवायला करंट वाढवतो, बल्बवर आणखी ड्रॉप पडतो आणि बोर्ड अर्धवट अवस्थेत अडकून बसतो. निष्कारण चिपवर संशय जातो.

लोड नसताना इनपुट करंट १०-१५ मिलिअँपिअरच्या आत हवा. आउटपुट ४.८ ते ५.२ मध्ये असेल तर ठीक. चिपची ठरलेली कसर तेवढी आहे, ४.९ बघून घाबरायचं कारण नाही. मग लोड: १० ओहम, १० वॅटचे चार सिमेंट रेझिस्टर पॅरलल, म्हणजे अडीच ओहम, २ अँपिअर. एकेक करून जोडा आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज बघा. पूर्ण लोडला २४ व्होल्टवर इनपुट करंट ०.५२ अँपिअरच्या आसपास यायला हवा. ०.६ च्या वर गेला तर काहीतरी तापतंय. बोटाने नाही, थर्मोकपलने शोधा.

ऑसिलोस्कोप असेल तर दुसऱ्या पायावर लावा. चौकोनी लाटा दिसतील: वर २३ च्या आसपास, खाली शून्याच्या अर्धा व्होल्ट खाली, वरचा भाग चक्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा कमी. लोड ०.३ अँपिअरच्या खाली आणलात की खालचा भाग मधेच तुटतो आणि ५ व्होल्टभोवती मंदावत जाणारी लहर दिसते. हा दोष नाही. कॉइल त्या चक्रापुरती रिकामी झाली एवढाच त्याचा अर्थ. याउलट पूर्ण लोडला एक पल्स रुंद, एक अरुंद अशी लंगडी चाल दिसली तर फीडबॅकमध्ये नॉइज शिरतोय किंवा आउटपुट कॅपॅसिटर चुकलाय. चढत्या कडेवर १० व्होल्टपेक्षा मोठं रिंगिंग असेल तर स्विच नोड ते ग्राउंड १० ओहम आणि ४७० पिकोफॅरड सिरीजमध्ये लावून बघा.

रिपल मोजताना प्रोबची लांब काळी क्लिप काढून टाका. ती क्लिप स्वतःच एक लूप आहे आणि नसलेले २०० मिलिव्होल्ट दाखवते. प्रोबच्या टोकाला छोटी स्प्रिंग लावा, थेट आउटपुट कॅपॅसिटरच्या पायांवर टेकवा आणि २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू करा.

स्कोप लावलाच आहे तर फ्रीक्वेन्सी वाचा. अस्सल एलएम२५९६ १२७ ते १७३ किलोहर्ट्झमध्ये चालते. बाजारात ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या, वर एलएम२५९६ छापलेल्या नकली चिपा खूप फिरतात. फ्रीक्वेन्सी तिसऱ्या हिश्श्यावर आली की आपल्या ४७ मायक्रोहेन्रीत रिपल ०.६ चा १.८ अँपिअर होतो, शिखर जवळपास २.९ वर जातं, आउटपुट रिपल तिप्पट होतो आणि इनपुट कॅपॅसिटर आयुष्याआधीच फुगतो. स्कोप नसेल तर फ्रीक्वेन्सी मोजणाऱ्या मल्टिमीटरवरही १५० की ५० एवढा फरक कळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटी चिप घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, किंमत संशयास्पद स्वस्त असेल तर एक नग आधी लावून ही तपासणी करा, मग बाकीचे घ्या. ज्या बोर्डाची जबाबदारी तुमच्या नावावर आहे त्याची चिप अधिकृत वितरकाकडूनच मागवा.

उष्णता आणि आयुष्य

कार्यक्षमता ८० टक्के धरून चाला. १० वॅट आउटपुटला अडीच वॅट वाया. त्यातला पाऊण वॅट डायोडचा, पाव कॉइलचा, उरलेला दीड चिपचा. पाठ बोर्डाला सोल्डर होणाऱ्या टीओ-२६३ आवृत्तीला एका बाजूचं साधारण १६ चौरस सेंटिमीटर तांबं दिलं तर दर वॅटला ३० अंश चढतात, म्हणजे ४५ अंश. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालचं बंद पॅनेल आतून ५५ अंश धरा. एकूण १००, मर्यादा १२५. चालेल. याच बोर्डातून ३ अँपिअर काढायचे म्हटले तर चालणार नाही, चिपवर ३ अँपिअर लिहिलं असलं तरीही. तिथे उभा हीटसिंक किंवा टीओ-२२० (स्क्रूने बसणारी) आवृत्ती पॅनेलच्या पत्र्याला कसून लावणं हाच मार्ग.

आधी मरतो तो इलेक्ट्रोलिटिक, चिप नव्हे. १०५ अंशांना २००० तासांचा कॅपॅसिटर दर १० अंश खाली साधारण दुप्पट जगतो. ६५ अंशांना ३२ हजार तास. चोवीस तास चालणाऱ्या पॅनेलमध्ये साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. ५००० तासांचा घेतला तर हाच हिशेब नऊ वर्षांवर जातो. दोघांच्या किमतीत फरक किरकोळ, म्हणून इथे काटकसर नको. आणि कॅपॅसिटर डायोडला अंग लावून बसवू नका. लूप आखूड ठेवायचा म्हणून सिरॅमिक जवळ आणि इलेक्ट्रोलिटिक त्याच्या मागे, हे मघाशी म्हटलं त्याचं दुसरं कारण हेच.

५ व्होल्ट पुढे न्यायची वायर आखूड आणि जाड असू द्या. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १ मीटर जाऊन-येऊन २ अँपिअरला जवळपास ०.१५ व्होल्ट पडतो; बारीक यूएसबी केबलमध्ये त्याहून बराच जास्त. ईएसपी३२ वाय-फाय लावताना रीसेट होत असेल तर आधी बोर्डाच्या टोकाशी व्होल्टेज मोजा, कन्व्हर्टर खोलू नका. बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरड लावला की बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पॅनेलमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच डब्यात, झाकण लावून, पूर्ण लोडला चार तास चालवा. मग चिपची पाठ, डायोड आणि इनपुट कॅपॅसिटरचं डोकं या तीन जागांचं तापमान लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तक्रार आली तर तुलनेला हेच आकडे लागतील.

शेवटचं काम कोटिंगचं. तळोजा किंवा तुर्भ्याच्या केमिकल युनिटमध्ये, नाहीतर खाडीच्या वाऱ्यावरच्या शेडमध्ये जूनपासून पुढे उघडं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) दोनदा धुवा. बोर्ड तासभर ५०-६० अंशांवर वाळवा, नाहीतर ओलावा कोटिंगखाली कोंडला जातो. मग अॅक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात द्या. टर्मिनल आणि फ्यूज होल्डरला आधी टेप लावा, आणि इलेक्ट्रोलिटिकच्या डोक्यावरची खाच मोकळी राहील असं बघा.